ड्रोन बनवताना विद्यार्थी नेमकं काय शिकतात?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलं-मुली ड्रोन बनवायला घेतात, तेव्हा घरातून आणि कधी कधी स्टाफरूममधूनही एक प्रश्न हमखास येतो: हे तर बाजारात तयार मिळतं, मग बनवायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही सरळ आहे. तयार ड्रोनमधले सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. पंखा किती मोठा, बॅटरी किती वजनाची, मोटर कुठली, वाऱ्याचा झोत आला तर किती जोरात सावरायचं, हे सगळं ठरलेलं असतं. स्वतः बनवताना यातला एकेक निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि तो चुकला तर तासाभरात कळतं. परीक्षेतलं चुकलेलं गणित पाच मार्क घेऊन जातं, इथलं चुकलेलं गणित जमिनीवरून उठतच नाही. शिक्षण आहे ते या निर्णयांमध्ये. म्हणून यातले महत्त्वाचे निर्णय कोणते आणि त्यांच्यामागे काय विज्ञान आहे, ते पाहू.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये सर्रास दिसणारा ड्रोन घेऊ. चार हातांची एफ-४५० फ्रेम, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरमधलं अंतर ४५० मिलिमीटर. ए-२२१२ जातीच्या चार मोटर, १० इंची पंखे, तीन सेलची ११.१ व्होल्टची २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिथियम पॉलिमर बॅटरी. कॅमेरा आणि पाय बसवून सगळं मिळून वजन १.२ किलो धरू.

वजनाचा हिशोब

ड्रोन हवेत टिकतो, कारण तो सतत हवा खाली ढकलत असतो. आता तेवढाच जोर मिळवायचे दोन मार्ग आहेत: भरपूर हवा सावकाश ढकलायची, किंवा थोडी हवा वेगाने ढकलायची. जोर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे थोडी हवा वेगाने ढकलणं नेहमीच महाग पडतं. पंख्याचा व्यास निम्मा केला की त्याने व्यापलेलं क्षेत्रफळ पाव होतं, आणि तेवढंच वजन उचलून धरायला सूत्रानुसार दुप्पट शक्ती लागते. हेलिकॉप्टरचा पंखा एवढा अवाढव्य का असतो, ते इथे उलगडतं.

आपल्या १.२ किलोच्या ड्रोनसाठी हे सूत्र मांडलं तर एका जागी तरंगायला साधारण ५८ वॉट पुरायला हवेत. प्रत्यक्षात मोजाल तर आकडा १४०च्या आसपास येतो. मधले ८० वॉट गेले कुठे? काही पंख्याच्या पात्याच्या घर्षणात, काही हवेला गोल घुसळण्यात, काही मोटरच्या वेटोळ्यांतल्या उष्णतेत, थोडे इलेक्ट्रॉनिक्समध्ये. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा तास हा आहे, कारण कागदावरचं उत्तर आणि मोजलेलं उत्तर यांच्यातल्या फरकाचा हिशोब लावता येणं हेच इंजिनिअरचं काम.

मोजायलाही महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मोटर एका घट्ट स्टँडवर अशी बसवायची की पंखा हवा वर फेकेल आणि स्टँड खाली दाबला जाईल. खाली स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ठेवायचा आणि बॅटरीच्या तारेत वॉटमीटर लावायचा. थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेला वेगाचा हुकूम, थोडा थोडा वाढवत ग्रॅम आणि वॉट लिहून घ्यायचे. स्टँड पक्का आवळलेला हवा आणि पंख्याच्या पातळीत कुणी उभं राहायचं नाही, एवढं मात्र कटाक्षाने पाळायचं. या मोटरवर १० इंची पंखा पूर्ण थ्रॉटलला साधारण ८०० ग्रॅम जोर देतो. चार मोटरचे झाले ३.२ किलो, म्हणजे वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त.

एवढा राखीव जोर कशासाठी? १.२ किलोचं वजन उचलायला १.२ किलोचा जोर पुरेसा वाटतो. पण पुढे जायचं तर ड्रोनला त्या दिशेला झुकावं लागतं. ३० अंश झुकला की जोराचा फक्त ८७ टक्के भाग वर उचलायला उरतो, कारण जोराची दिशाच तिरकी झालेली असते. वारा आला, एका बाजूला सावरायचं झालं, की त्या बाजूच्या मोटरला आणखी पळावं लागतं. म्हणून वजनाच्या किमान दुप्पट जोर हवा, असा साधा दंडक पाळतात.

आता बॅटरी. ११.१ व्होल्ट आणि २.२ अँपिअर-तास यांचा गुणाकार २४.४ वॉट-तास. लिथियम पॉलिमर बॅटरी तळापर्यंत उपसली की खराब होते, म्हणून त्यातले ८० टक्केच वापरायचे. १४० वॉटच्या दराने ते जेमतेम ८ मिनिटं पुरतात. प्रत्येक टीमला इथे एकच गोष्ट सुचते: मोठी बॅटरी लावू. ५००० एमएएचची बॅटरी लावली तर वजन साधारण २०० ग्रॅमने वाढतं आणि १.४ किलोचा ड्रोन तरंगायला सुमारे १७६ वॉट लागतात. क्षमता सव्वादोन पट झाली, पण उड्डाणाचा वेळ ८ वरून १५ मिनिटांवर, म्हणजे १.८ पटच गेला. आणखी मोठी लावली तर फायदा आणखी घटतो आणि एका टप्प्यानंतर बॅटरी मुख्यतः स्वतःचंच वजन वाहत राहते. मग फ्रेममधले दहा ग्रॅम, स्क्रूंचे पाच ग्रॅम, लांब सोडलेल्या तारा यांच्याकडे मुलं आपोआप वेगळ्या नजरेने बघायला लागतात. वजनाचा तक्ता हा ड्रोनचा पहिला सुटा भाग समजावा. तो आधी तयार नसेल तर खरेदीला निघूच नये.

या हिशोबात आपल्या हवामानाचाही वाटा असतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरातली हवा पाठ्यपुस्तकातल्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते. महाबळेश्वरच्या उंचीवरही तसंच. हवा विरळ, तर तेवढ्याच फेऱ्यांना जोर कमी. आणि थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचे भाग छापले असतील तर ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. विदर्भात उन्हात लावलेल्या बंद गाडीत ते ठेवले तर वाकडे होऊन मिळण्याची पुरेपूर शक्यता.

तीन तारांची मोटर

ड्रोनच्या मोटरला तीन तारा असतात आणि तिच्यात कार्बन ब्रश नसतात. वेटोळी जागच्या जागी राहतात, चुंबक फिरतात. कुठल्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची, हे ठरवणारी छोटी पट्टी म्हणजे ईएससी. चुंबक या क्षणी कुठे आहे हे कळायला तिच्याकडे वेगळा सेन्सर नसतो. ज्या वेटोळ्यात त्या क्षणी वीज सोडलेली नाही, त्यात फिरत्या चुंबकामुळे जे व्होल्टेज निर्माण होतं, ते वाचून ती अंदाज घेते. बारावीला पाठ केलेला फॅराडेचा नियम इथे सेकंदाला हजारो वेळा काम करत असतो. तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा, मोटर उलट फिरते. फिरतं चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय, ते दाखवायला यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

उलट फिरवायची गरज का पडते? पंखा एका दिशेने फिरवला की ड्रोनचं अंग उलट दिशेने फिरू पाहतं. म्हणून तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटर एका दिशेने आणि उरलेल्या दोन विरुद्ध दिशेने फिरवतात, म्हणजे पीळ एकमेकांना मारतो. ड्रोनचं तोंड वळवायचं असेल तर एक जोडी थोडी जोरात आणि दुसरी तेवढीच हळू. एकूण जोर तोच राहतो, पिळाचा तोल तेवढा बिघडतो आणि ड्रोन जागच्या जागी वळतो.

मोटरवर १००० केव्ही लिहिलेलं असतं, त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. पंखा न लावता एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे, एवढाच त्याचा अर्थ.

तोल सांभाळणं

विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते काही अंतर तरंगत जातं. चार पंख्यांच्या ड्रोनला अशी सवलत नाही. क्षणभर दुर्लक्ष झालं तरी तो कलंडतो. तळहातावर उभी काठी तोलून बघा: डोळे मिटले की काठी पडते, कारण ती किती आणि किती वेगाने कलते आहे हे सतत बघून हात हलवावा लागतो. ड्रोनमध्ये हे बघण्याचं आणि हात हलवण्याचं काम फ्लाइट कंट्रोलर करतो. आर्डूपायलट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही मुख्य फेरी सेकंदाला ४०० वेळा होते.

बघायचं कशाने? कंट्रोलरवर दोन सेन्सर असतात. जायरोस्कोप सांगतो की ड्रोन किती वेगाने कलतो आहे. तो वेग बेरजेत धरत गेलं की किती कलला ते मिळतं, पण प्रत्येक बेरजेत बारीक चूकही मिसळते आणि मिनिटाभरात कोन भरकटतो. ॲक्सिलरोमीटरला गुरुत्वाकर्षण जाणवतं, म्हणजे खालची दिशा त्याला माहीत असते, पण मोटरच्या थरथरीने तो सारखा गोंधळतो. मग क्षणापुरता विश्वास जायरोवर आणि लांबच्या पल्ल्यासाठी ॲक्सिलरोमीटरवर ठेवून दोघांचं म्हणणं एकत्र करतात. याची सर्वात साधी रीत चार-पाच ओळींच्या कोडमध्ये बसते. विद्यार्थ्यांनी ती एकदा तरी स्वतः लिहावी, मग खुशाल तयार लायब्ररी वापरावी.

आता हात किती हलवायचा? इथे पीआयडी, म्हणजे चूक बघून दुरुस्ती ठरवायची तीन भागांची रीत येते. हेच पीआयडी कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात लाप्लासच्या गणितात अडकून पडलेलं असतं. पहिला भाग पी: जितका कल जास्त, तितकी दुरुस्ती जास्त. पी कमी ठेवला तर ड्रोन सुस्त, झोकांड्या खाणारा. जास्त ठेवला तर तो सरळ होताना पलीकडे जातो, परत येताना अलीकडे, आणि ड्रोनचे हात थरथरायला लागतात. मोटरच्या आवाजातच हे ऐकू येतं. दुसरा भाग डी: तो परतीचा वेग बघतो आणि आधीच लगाम खेचतो, म्हणून थरथर शमते. पण डी फार वाढवला तर तो सेन्सरमधल्या बारीक थरथरीलाही उत्तर देत बसतो आणि काही मिनिटांत मोटर हाताला चटका देतात. तिसरा भाग आय: बॅटरी एक सेंटिमीटर बाजूला बसली आहे, म्हणून ड्रोन सतत एकीकडे ओढतो आहे, अशी चिवट चूक तो साठवत जातो आणि हळूहळू भरून काढतो.

सुरुवातीला ड्रोन मोकळा सोडायचा नाही. दोन खांबांमध्ये आडवा दांडा लावून त्यावर ड्रोन असा बसवायचा की तो एकाच अक्षाभोवती डुलेल. मग पी वाढवत न्यायचा, थरथर दिसली की थांबायचं, डी थोडा वाढवायचा, परत बघायचं. दुपारभर हे केलेल्या मुलीला कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकातला डॅम्पिंगचा, म्हणजे थरथर शमत जाण्याचा, आलेख वेगळा समजावून द्यावा लागत नाही, कारण तो तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

मोठा पंखा काटकसरी असेल, तर सगळेच मोठे पंखे का लावत नाहीत, हा प्रश्न इथे सुटतो. या ड्रोनमध्ये तोल सांभाळायचा तो फक्त पंख्यांचा वेग कमी-जास्त करून. मोठा, जड पंखा वेग बदलायला वेळ घेतो. कंट्रोलरने हुकूम दिला आणि जोर बदलेपर्यंत उशीर झाला, की दुरुस्ती चुकीच्या क्षणी पोहोचते आणि तोल सावरण्याऐवजी बिघडतो. हेलिकॉप्टर या अडचणीतून सुटतं, कारण तिथे पंख्याचा वेग जवळपास तोच ठेवून पात्यांचा कोन बदलतात.

असंच एक जोडकाम पंख्यांच्या तोलाचं. पंख्याचं एक पातं थोडं जड असेल तर मिनिटाला ६००० फेऱ्यांना ते सेकंदाला १०० हिसके देतं. हिसके फ्रेममधून सेन्सरपर्यंत जातात, कोन चुकतो, कंट्रोलर नसलेल्या कलाला उत्तर देतो. ईएनटीसीवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा, कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि उपाय असतो मेकॅनिकलवालीच्या हातात: हलक्या पात्याच्या पाठीला चिकटपट्टीचा छोटा तुकडा. होकायंत्राचंही तेच. बॅटरीच्या तारेतून १२-१३ अँपिअर वाहतात, त्यांचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या होकायंत्राला फसवतं आणि जीपीएसवर एका जागी थांबायला सांगितलेला ड्रोन वाढत्या वर्तुळात फिरायला लागतो. म्हणून जीपीएस आणि होकायंत्र उंच दांडीवर बसवतात आणि बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून नेतात. वेगवेगळ्या ब्रँचच्या मुलांना एका टेबलाशी बसवण्याचं जे काम अभ्यासक्रमाला जमत नाही, ते एक थरथरणारा पंखा करून जातो.

पडला, मग पुढे?

ड्रोन पडतोच. प्रश्न असा की त्यानंतर टीम काय करते. नवे पंखे लावून परत उडवलं, तर शिकणं तिथेच थांबतं. कंट्रोलरमधल्या मेमरी कार्डावर प्रत्येक उड्डाणाची नोंद असते. ती उतरवून बघायची. मागितलेला कल आणि प्रत्यक्ष कल यांच्या रेषा बरोबर चालत असताना एका क्षणी फाकल्या आणि एका मोटरचा हुकूम कमाल पातळीवर चिकटला, तर त्या मोटरचा, ईएससीचा किंवा पंख्याचा जोर गेला असं समजावं. व्होल्टेजची रेषा थ्रॉटल देताच खोल बुडत असेल तर बॅटरी थकली आहे. कारण लेखी मांडता आल्याशिवाय पुढचं उड्डाण करायचं नाही, असा नियम मार्गदर्शक सरांनी किंवा मॅडमनी घालून द्यावा.

इथे एक कडवट गोष्ट बोलायला हवी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे सुटे भाग घ्यायला जाणं हा शिक्षणाचाच भाग आहे. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्टसकट आयता विकत मिळतो आणि तो घेतला जातो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रोनच्या बाबतीत हे ओळखणं अवघड नाही. व्हायवाला एक्सटर्नलनी फक्त वजनाचा तक्ता, वजनकाट्यावरचं मोजमाप आणि एका फसलेल्या उड्डाणाची नोंद मागावी. ज्यांनी बनवला आहे त्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी असतात आणि त्यांना त्याबद्दल बोलायचंही असतं.

अशा प्रकल्पांतून काय उभं राहू शकतं याची दोन उदाहरणं देतो. आज हजारो विद्यार्थी जो पिक्सहॉक कंट्रोलर वापरतात, त्याचं मूळच विद्यार्थी प्रकल्पात आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २००८ साली लोरेन्झ मायर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कॅमेऱ्याने बघून स्वतः उडणारा ड्रोन करायचं ठरवलं, १४ विद्यार्थ्यांची टीम जमवली आणि २००९ मध्ये युरोपातल्या लघुविमान स्पर्धेत बंदिस्त जागेतल्या स्वयंचलित उड्डाणाच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्यासाठी तयार केलेली इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर त्यांनी पुढे सगळ्यांसाठी खुली केली. दुसरं उदाहरण आपल्याकडचं: आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज. नवी मुंबईच्या या कंपनीने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर नेत्र हा ड्रोन विकसित केला आणि २०१३ च्या उत्तराखंडच्या महापुरात तो शोधकार्यासाठी वापरला गेला.

कायदा आणि पहिलं उड्डाण

भारतात ड्रोनसाठी ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, म्हणजे आपलं उदाहरण मायक्रोमध्ये मोडतं. सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना संशोधन आणि विकासासाठी टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता), नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि पायलटचं प्रमाणपत्र यांतून सूट दिलेली आहे. अट अशी की उड्डाण ग्रीन झोनमध्ये, म्हणजे निर्बंध नसलेल्या हवाई क्षेत्रात, आणि संस्थेच्या ताब्यातल्या जागेतच व्हायला हवं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन नसतो, म्हणून मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक कॉलेजांना स्वतःच्या मैदानावरही ही सूट लागू पडत नाही. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहावा. आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणि त्यांचे जोडणी-संच आयात करायला काही अपवाद वगळता बंदी आहे, सुट्या भागांना मात्र नाही. त्यामुळे भाग निवडून स्वतः जुळवता येणाऱ्या माणसांची गरज या देशात खरोखरच आहे.

पहिल्या उड्डाणाचा क्रम ठरलेला असावा. पंखे काढून चारही मोटर योग्य दिशेने फिरतात का ते तपासायचं. रिमोट बंद केल्यावर कंट्रोलर काय करतो, तेही पंखे काढूनच बघायचं. बॅटरी फुगलेली नाही ना, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या जवळ आहे ना, हे पाहायचं, आणि बॅटरी पेटलीच तर म्हणून वाळूची बादली हाताशी ठेवायची. मग गवतावर, वारा नसलेल्या सकाळी, माणसं दूर उभी करून ड्रोन माणसाच्या कमरेएवढा उचलायचा, अर्धा मिनिट थांबवायचा आणि उतरवायचा. बॅटरी काढल्यावर चारही मोटरना बोट लावून बघायचं: एखादी बाकींपेक्षा जास्त गरम असेल तर ती तिरकी बसली आहे का, तिचा पंखा घासतो आहे का, वजन त्या कोपऱ्याकडे झुकलं आहे का, हे शोधायचं. व्होल्टेज वहीत लिहायचं, नोंद लॅपटॉपवर उतरवायची आणि ती वाचून झाली की दुसऱ्या उड्डाणाला पंखे आवळायचे.